चिठ्ठीची मागची बाजू

तू पाठवलेला फोटो सकाळपासून चारदा उघडून पाहिला. गुलाबी कार्डाचा तुकडा, कडा नक्षीच्या कात्रीने कापलेल्या, त्यावर यिर्मया २९ : ११. गेल्या ३१ डिसेंबरच्या रात्री, उपासनेच्या शेवटी, ती परडी मीच तुझ्यापुढे धरली होती. तू डोळे मिटून चिठ्ठी उचललीस, वाचलीस आणि वळून आईला दाखवलीस. ती तेव्हा दुसऱ्या केमोतून नुकती उठली होती, डोक्याला निळा स्कार्फ होता. तिने ती चिठ्ठी कपाळाला लावली. मला ते दिसलं होतं गं.

फोटोखाली तू एवढंच लिहिलंस, “ताई, हे खोटं होतं ना?”

रात्री मी उत्तर दिलं नाही. रात्री बारा वाजता पाळकाकडून जे उत्तर जातं ते बहुतेक पाठ केलेलं असतं, आणि तुला मला तसलं काही द्यायचं नव्हतं. आज दुपारी भांडी आवरली, दार लोटून घेतलं आणि यिर्मयाचं पुस्तक उघडून बसले. तू मला ताई म्हणतेस, तर ताई म्हणूनच बोलते. जे पटणार नाही ते तसंच सांग.

ते वचन खोटं नव्हतं. पण तुझ्या हातात ते अर्धंच पडलं. आणि देणारे हात माझे होते, म्हणून आधी तेवढं कबूल करते.

तू नर्स आहेस. पेशंटच्या फाइलमधलं मधलंच एक पान कुणी फाडून तुझ्या हातात दिलं, आणि त्यावरून औषध द्यायला सांगितलं, तर देशील? आधी विचारशील, वरचं पान कुठाय, खालचं कुठाय, याला आधी काय दिलंय. शास्त्राच्या बाबतीत मात्र आपण हे विचारायचं सोडून दिलंय. लहानपणी शब्बाथशाळेत सोनेरी वचनं पाठ केली, बक्षिसं मिळवली, भिंतीवरच्या कॅलेंडरवर रोज एक वाचलं, आता मोबाइलवर सूर्योदयाच्या चित्रावर येतं. वचन कुणी, कुणाला, कधी म्हटलं हे बघायची सवयच राहिली नाही. हे मी तुझ्याइतकंच मलाही सांगतेय.

ऐक आता. यिर्मयाचा तो एकोणतिसावा अध्याय म्हणजे एक पत्र आहे. इसवी सनापूर्वी ५९७ मध्ये बाबेलच्या नबुखद्नेस्सर राजाने यरुशलेमेतून राजाला, राजमातेला, सरदारांना, कारागिरांना, लोहारांना धरून नेलं. घर गेलं, शेत गेलं, मंदिर मागे राहिलं. परक्या भाषेच्या मुलखात बसून त्या लोकांच्या मनात एकच गोष्ट घोळत होती, की आपण परत कधी जाणार. आणि त्याचं उत्तर द्यायला माणसं तयार होती. त्याच्या आधीचा, अठ्ठाविसावा अध्याय वाच. तिथे हनन्या नावाचा संदेष्टा मंदिरात सगळ्यांसमोर उभा राहून सांगतो, दोन वर्षं! दोन वर्षांत सगळं परत येईल. यिर्मयाने तेव्हा मानेवर लाकडी जू घातलेलं होतं, लोकांना कळावं म्हणून, की हे ओझं इतक्यात उतरायचं नाही. हनन्याने ते जू त्याच्या मानेवरून काढलं आणि सर्वांदेखत मोडून टाकलं. केवढा जयघोष झाला असेल!

यिर्मया त्यावर काय म्हणाला ते मला फार आवडतं. तो आधी आमेन म्हणाला. प्रभू असंच करो, म्हणाला. त्यालाही तेच हवं होतं ना. त्यालाही वाटत होतं की हनन्या खरा ठरावा. पण खरं काय ते त्याला ठाऊक होतं, आणि मग त्याने पत्र लिहिलं. त्यात आकडा होता सत्तर वर्षांचा. ज्यांनी ते पत्र बाबेलमध्ये हातात घेतलं त्यांच्यातल्या किती जणांना परतीचा रस्ता दिसणार होता, तूच हिशेब कर. म्हणून पत्रात काय सांगितलंय? घरं बांधा आणि त्यांत राहा. मळे लावा, त्यांची फळं खा. मुलामुलींची लग्नं करा. ज्या नगरात तुम्हांला नेलंय त्या नगराच्या भल्यासाठी प्रार्थना करा. आणि जे संदेष्टे गोड बोलतायत त्यांचं ऐकू नका.

सत्तर वर्षांचा आकडा दहाव्या ओवीत आहे. तुझ्या चिठ्ठीवरचं वचन अकराव्या ओवीत. एकाखाली एक, लागून. चिठ्ठ्या करताना कात्री नेमकी त्या दोघींच्या मधून चालली.

आज ते वाचताना मी बराच वेळ तिथेच थांबले. दरवर्षी ३१ तारखेला आपण यिर्मयाच्या नावाखाली हनन्याचं भाकीत वाटतो आहोत की काय, असं वाटून मला भीती वाटली.

तुझी आई बरी होईल असं त्या पानावर कुठेही लिहिलेलं नाही. लिहिलंय ते हे, की नको त्या मुलखात जाऊन पडलेल्या माणसांनाही देव विसरला नाही, त्यांचा पत्ता त्याच्यापाशी होता, आणि तिथंही जगायचं कसं ते त्याने कळवलं. आणि तुझी आई ते पत्र जगली गं. चिठ्ठी एका ओळीची होती, पण जगली ती सगळा अध्याय. शेजारच्या कॉटवरच्या बाईला तिने क्रोशाची साखळी घालायला शिकवली, आठवतं? त्या बाईचा धर्म काय, जात काय, काही विचारलं नाही. आणि मार्चमध्ये तिने कुंडीत कढीपत्ता लावला. तेव्हाचा रिपोर्ट तूच वाचून दाखवला होतास तिला. सगळं कळून लावला तिने तो.

आता दुसरी गोष्ट. आई गेल्यावर तिसऱ्या दिवशीच्या प्रार्थनेला बाहेरून आलेले एक पाहुणे तुला म्हणाले, विश्वास कमी पडला. मी तिथेच होते, चहाचे कप गोळा करत होते. मला ऐकू आलं आणि मी काही बोलले नाही. घरात माणसं आहेत, वाद नको, म्हणून गप्प बसले. त्या गप्प बसण्याचं मला अजून वाईट वाटतं. त्या दिवशी जे बोलायला हवं होतं ते आज बोलते.

पौलाने किती जणांना बरं केलं, प्रेषितांच्या कृत्यांत लिहिलेलं आहे. पण तोच पौल तीमथ्याला दुसऱ्या पत्राच्या शेवटी कळवतो, की त्रफिम आजारी होता, त्याला मी मिलेतात सोडून आलो. एवढंच. सोबत हिंडलेला माणूस, आजारी, मागे ठेवावा लागला. पौलाचा विश्वास कमी पडला का? तीमथ्याचं पोट सारखं बिघडायचं, तर पौल त्याला पहिल्या पत्रात थोडा द्राक्षारस घ्यायला सांगतो, म्हणजे तेव्हाचं घरगुती औषधच. पौलाच्या स्वतःच्या शरीरात काटा होता. तो काय होता त्यावर पंडित अजून वाद घालतात, पण त्यासाठी त्याने तीनदा विनवणी केली आणि काटा राहिला, हे त्याने स्वतः करिंथकरांना लिहिलंय. जन्मांध माणसाकडे बोट दाखवून शिष्यांनी विचारलं, पाप कुणाचं, याचं की आईबापांचं? येशूने दोन्ही नाकारलं. त्या पाहुण्यांना हे सगळं ठाऊक असणार, शास्त्र तेही वाचतात. पण दुसऱ्याचं दुःख समोर आलं की माणसाला भीती वाटते, आणि ती घालवायला आपण कारण शोधतो. कारण सापडलं की आपल्या घरी हे होणार नाही अशी खात्री वाटते.

मी हे एवढं ठासून सांगते, कारण मीही तेच केलं होतं. माझी पहिलीच नेमणूक, नगर जिल्ह्यातलं छोटं गाव, सव्वीस-सत्तावीस वर्षांची मी, सेमिनरीतून नुकती बाहेर पडलेली. मंडळीतल्या एका ऊसतोड करणाऱ्या बाईचा पाच वर्षांचा मुलगा विहिरीत पडून गेला. मी धावत गेले, तिच्यासमोर बसले आणि शास्त्र उघडून रोमकरांस पत्राचा आठवा अध्याय लावला, अठ्ठाविसावी ओवी. देवावर प्रीती करणाऱ्यांसाठी सगळं मिळून भल्याचंच होतं, त्या अर्थाची. समजावून सांगितलं, मूळ ग्रीक शब्द काय आहे तेही सांगितलं. ती ऐकत होती असं मला वाटलं. मान हलवत होती.

त्यानंतर बारा-तेरा वर्षांनी ती मला एका लग्नात भेटली. हात धरून बाजूला घेऊन गेली, बसवलं. बोलता बोलता म्हणाली, “ताई, तुम्ही त्या दिवशी वाचत होता ना, तेव्हा मी उंबऱ्यापाशी बघत होते. त्याच्या चपला होत्या तिथं. आदल्याच बाजारी घेतलेल्या. मी मनात म्हणत होते, दुकानदार परत घेईल का.”

रागाने नाही बोलली. तिला ते कुणाला तरी सांगायचं होतं, इतकंच. तिच्या नजरेसमोर चपला होत्या आणि मी ग्रीक शब्द सांगत होते. त्या घरात त्या दिवशी एक म्हातारी आली होती, मला आठवतं, तिने कुणाशी काही न बोलता कोपऱ्यात बसून भाकरीचं पीठ मळलं, पिठलं टाकलं, तिच्या मोठ्या दोन पोरींना खाऊ घातलं आणि निघून गेली. तेव्हा मला वाटलं होतं की म्हातारीला दोन शब्द बोलता येत नाहीत बिचारीला. तिला नावं ठेवणारी मी तेव्हा पाळक होते, बाई.

ईयोबाची गोष्ट तुला माहीतच आहे. अलीफज, बिल्दद, सोफर. आपण त्या तिघांना नावं ठेवतो. पण ते आले तेव्हा सात दिवस आणि सात रात्री त्याच्याजवळ जमिनीवर बसून राहिले, कुणी एक शब्द बोललं नाही, कारण त्याचं दुःख फार मोठं आहे हे त्यांना दिसलं. तेवढं तरी त्यांनी चांगलंच केलं. पुढे तोंड उघडलं आणि मग पानांमागून पानं ते देवाची बाजू मांडत राहिले. शेवटी, बेचाळिसाव्या अध्यायात, देवाचा राग कुणावर होतो? त्या तिघांवर. माझ्याविषयी योग्य ते तुम्ही बोलला नाहीत, ईयोब बोलला, असं देव सांगतो. ज्या ईयोबाने जन्माच्या दिवसाला शाप दिला, देवाला कोर्टात खेचायची भाषा केली, तो देवाच्या मते नीट बोलला! हे मी कितीदा तरी वाचलं असेल, आणि दर वेळी मला नव्याने धीर येतो.

तू म्हणालीस, प्रार्थना होत नाही. गुडघे टेकले की राग येतो. मग रागच घेऊन टेक गुडघे. स्तोत्रसंहितेत दीडशे स्तोत्रं आहेत, त्यांतला तिसरा हिस्सा तरी विलापाचा आहे. आपण मंडळीत गातो ती स्तुतीची, मेंढपाळाची, हिरव्या कुरणाची. तेरावं काढ, दाविदाचं म्हणून दिलेलं. पहिल्या दोनच ओव्यांत चार वेळा विचारलंय, कधीपर्यंत? अठ्ठ्याऐंशीवं काढ. सगळ्या दीडशेत तसं दुसरं नाही. विलापाची बहुतेक स्तोत्रं शेवटाला वळतात, थोडी आशा, थोडी स्तुती येतेच. अठ्ठ्याऐंशीवं वळत नाही. अंधारातच संपतं, सोबती दूर गेले तिथंच. आणि तरी ते कुणी काढून टाकलं नाही. यहुदी लोकांनी ठेवलं, आपल्या पूर्वजांनी ठेवलं, मराठीत आणताना कुणी म्हटलं नाही की हे नको, लोक निराश होतील. कुणाच्या तरी रात्रीसाठी ते राखून ठेवलंय. ते जरा मोठ्याने म्हण, दार लावून. आपल्या प्रभूनेही वधस्तंभावर असताना बाविसाव्या स्तोत्राचाच पहिला आक्रोश तोंडी घेतला होता. त्याला दुसरं स्तोत्र आठवत नव्हतं असं थोडंच आहे.

आणि लाजराच्या बहिणी! मार्था काय म्हणाली, मरिया काय म्हणाली, दोघी वेगवेगळ्या भेटल्या तरी शब्द एकच. तू इथे असतास तर भाऊ गेला नसता. तू मला जे लिहिलंस ते याहून वेगळं आहे का? येशूने मार्थेशी बोलणं केलं, मोठं, पुनरुत्थानाचं. मरियेपुढे मात्र त्याचे डोळे भरून आले. एकच तक्रार, पण दोघींना वेगळं उत्तर मिळालं. तुला कोणतं मिळेल ते मी सांगू शकत नाही.

आता एक कडक गोष्ट सांगते, तुझ्या दुःखाशी तिचा थेट संबंध नाही, पण तू येत्या महिन्यापासून स्त्रियांची सभा घेणार आहेस म्हणून सांगायलाच हवी. अर्ध्या वचनाने जखम होते, तशीच माणसं कोंडलीही जातात.

इफिसकरांस पत्राचा पाचवा अध्याय आपल्याकडे प्रत्येक लग्नात वाचतात. पत्नींनी पतीच्या अधीन असावं, बाविसावी ओवी. मी पाळक झाल्यापासून किती बायका माझ्याकडे सुजलेला डोळा घेऊन आल्या आणि त्यांना घरातून हेच वचन ऐकवलेलं होतं. एकीला तर सासूने सांगितलं होतं, हा तुझा वधस्तंभ, उचल. मी त्या सगळ्यांना एकविसावी ओवी वाचायला लावते. तिथे पौल म्हणतो, ख्रिस्ताच्या भयाने एकमेकांच्या अधीन असा. एकमेकांच्या. आणि गंमत म्हणून नाही, खरंच सांगते, सगळ्यांत जुन्या काही ग्रीक हस्तलिखितांत बाविसाव्या ओवीला स्वतःचं क्रियापदच नाही. ते एकविसावीतून उसनं घ्यावं लागतं. म्हणजे ती ओवी एकटी उभीच राहू शकत नाही. आणि पुढे बायकांना तीन ओव्या, तर नवऱ्यांना नऊ. नवऱ्याने कशी प्रीती करायची? ख्रिस्ताने मंडळीवर केली तशी, स्वतःला देऊन टाकून. हात उगारायला यात जागा कुठे आहे? वधस्तंभ तर येशूने आपण होऊन उचलला. दारू पिऊन येणाऱ्याचा मार खाणं म्हणजे वधस्तंभ नाही, आणि सभेत कुणी तसं म्हटलं तर तू गप्प बसू नकोस. मी कपांच्या वेळी बसले तशी तर अजिबात नको.

अशा बाईसाठी प्रार्थना करायची, आणि तिला पुढचंही सांगायचं. २००५ चा कौटुंबिक हिंसाचाराचा कायदा सगळ्या धर्मांच्या बायकांना लागू आहे, तालुक्याला संरक्षण अधिकारी असतात, १८१ हा महिलांसाठीचा फोन आहे. हे तुझ्या वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेव. आपल्या ख्रिस्ती बायकांचं तर वेगळंच दुखणं होतं. १८६९ च्या घटस्फोटाच्या कायद्यात नवऱ्याला बायकोचा व्यभिचार एवढं एक कारण पुरायचं, बायकोला मात्र व्यभिचाराच्या जोडीला क्रूरता किंवा सोडून जाणं असं आणखी काही सिद्ध करावं लागायचं. २००१ पर्यंत हे असंच चाललं. एकशे बत्तीस वर्षं! त्या काळात किती जणींनी ती बाविसावी ओवी ऐकत दिवस काढले असतील, कुणी मोजलंय?

बरं, मग वाचायचं कसं, हे तू विचारशील. मी करते ते सांगते.

आकडे विसर. हे आकडे मूळ लिहिणाऱ्यांनी घातलेलेच नाहीत. अध्याय पाडले ते तेराव्या शतकात इंग्लंडच्या स्टीफन लँग्टनने, असं मानतात. नव्या कराराच्या ओव्यांचे आपले आकडे रोबेर एस्तिएन नावाच्या मुद्रकाने १५५१ साली घातले. शोधायला सोपं जावं म्हणून केलं, उपकारच झाले. पण पौलाने पत्र लिहिलं ते पत्रासारखं, सबंध वाचून दाखवायला. फिलिप्पैकरांस पत्र मोठ्याने वाचायला पंधरा मिनिटं लागतात. रूथचं पुस्तक वीस. मार्क सबंध दीड-दोन तासांत होतो. एका बैठकीत वाच एकदा. तुझी रात्रपाळी संपून तू सकाळी घरी येतेस, चहा होईपर्यंत झोप लागत नाही म्हणतेस, त्या वेळात फिलिप्पै होऊन जाईल. सगळं करू शकतो असं पौल ज्या ओवीत म्हणतो ती आपण परीक्षेला जाणाऱ्या पोरांच्या पॅडवर लिहितो ना, तिच्या वरचं वाच. तुरुंगातला माणूस लिहितोय, की मला उपाशी राहणं जमतं आणि पोटभर जेवणंही जमतं, मी दोन्ही शिकलोय. परीक्षेशी काही संबंध नाही, पण महिनाअखेरीच्या आपल्या रेशनच्या डब्याशी फार आहे.

आणि मराठीतच वाच. तू आता इंग्रजी अ‍ॅपवरून वाचतेस, वाच, माझी हरकत नाही. पण रडायचं असेल तेव्हा आईच्या भाषेतलं लागतं. पंडिता रमाबाईंना हे किती कळलं होतं बघ. आईबापांनी संस्कृत शिकवलेली मुलगी ती. १८७० च्या दशकातल्या दुष्काळात आईबाप गेले, १८८० मध्ये भाऊ गेला, १८८२ मध्ये नवरा. १९२१ मध्ये पोटची मनोरमाही गेली, आणि १९२२ च्या एप्रिलमध्ये त्या स्वतः. आयुष्याची शेवटची कितीतरी वर्षं केडगावच्या मुक्ती सदनात बसून त्यांनी सबंध बायबल मराठीत आणलं, तेही हिब्रू आणि ग्रीक उतारवयात शिकून. का, तर खेड्यातल्या बाईला, दुष्काळातून वाचवून आणलेल्या पोरीला ऐकून कळेल असं साधं मराठी हवं होतं. छापखानाही मुक्तीतलाच, खिळे जुळवणाऱ्याही तिथल्या मुलीच. मी कधी विलापगीत वाचायला घेते तेव्हा माझ्या मनात येतं, त्या बाईने निवडलेल्या या प्रत्येक शब्दाला तिच्या घरच्या मातीचा वास असणार. तिला फाडून काढलेली एकेक ओवी पुरली असती तर तिने तो एवढा डोंगर का उचलला असता?

लक्ष्मीबाई टिळकांचं ‘स्मृतिचित्रे’ तुझ्या आईने दोनदा वाचलं होतं, तिनेच मला सांगितलं. तिची प्रत तुझ्याकडे असेल. ती बाई नवऱ्याने १८९५ मध्ये बाप्तिस्मा घेतला म्हणून त्याच्यामागे लगेच गेली नाही. कित्येक वर्षं लांब राहिली, रडली, भांडली, विचार केला, आणि स्वतःला पटलं तेव्हाच आली. तुला मंडळीत कुणी म्हटलं ना, की देवाला प्रश्न विचारू नये, तर ते पुस्तक त्यांच्या हातात दे.

चिठ्ठ्यांचं मी काय करणार, हेही तू विचारशील. बंद करणार नाही. माझ्या आजीच्या शास्त्रात पस्तीस वर्षांच्या चिठ्ठ्या होत्या, पिवळ्या पडलेल्या, प्रत्येकीवर साल लिहिलेलं. ती गेल्यावर आम्ही त्या एकेक काढून वाचल्या तेव्हा तिचं सगळं आयुष्य हाताला लागलं. लोकांना हातात धरायला काहीतरी लागतं, मला ते हिरावून घ्यायचं नाही. पण या डिसेंबरला परडीत नुसती ओवी घालायची नाही, असं ठरवलंय. मागच्या बाजूला अध्याय सबंध वाचा असं लिहायचं, आणि हे कुणी कुणाला कधी म्हटलं ते दोन ओळींत. आणि दीडशे चिठ्ठ्यांत दहा-वीस विलापाच्याही घालायच्या. कमिटीत सांगितलं तर सगळे गप्प झाले. एक काका म्हणाले, नव्या वर्षाच्या रात्री अशी चिठ्ठी कुणाला आली तर? मी म्हटलं, ज्याच्या घरात तसंच वर्ष आहे, त्याला येऊ द्या ना, त्याला वाटेल देवाने आपल्यालाही मोजलंय. अजून ठरलेलं नाही. पुढच्या बैठकीत पुन्हा मांडणार आहे.

त्या मागच्या बाजूच्या दोन-दोन ओळी लिहायला मला माणूस हवंय. तू लिही. आत्ता लगेच हो म्हणू नकोस, पण विचार कर. तुझ्यासारखी रागावलेली बाई ते नीट लिहील, तिच्याकडून गुळगुळीत काही जाणार नाही.

उपासनेला कधी येतेस असं मी विचारणार नाही. ते तुझं तू बघ. पण गुरुवारी तुझी सुट्टी असते, संध्याकाळी माझ्याकडे ये. आपण दोघीच रूथ वाचू. तिथली नामी, नवरा आणि दोन मुलगे पुरून गावी परत येते आणि वेशीवरच्या बायकांना सांगते, मला नामी म्हणू नका, मारा म्हणा, देवाने माझं फार कडू केलंय. आणि बघ हं, तिथली एकही बाई तिला म्हणत नाही की असं बोलू नये. सातूची कापणी सुरू होती, एवढंच पुढे लिहिलंय. लगेच तिला कुणी उत्तर देत नाही, फक्त रूथ रोज पदरात धान्य घेऊन घरी येते. तिथून पुढे वाचू.

येताना आईचं शास्त्र घेऊन ये, कपाटात गुंडाळून ठेवलंयस ते. तिने कशाखाली रेघा ओढल्यात ते मला बघायचंय. वाचायचं तू, माझे डोळे संध्याकाळी थकतात. मी पिठलं टाकते. त्या कुंडीतल्या कढीपत्त्याच्या दोन काड्या तेवढ्या तोडून आण.